डाव्या पायाचं शिक्षण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात एका सभासद भगिनीने केलेलं भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण कुणी डॉक्टरीणबाई, नाहीतर एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापिका बोलावतो आणि पदर सावरून त्यांचं ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी ठरवलं, बाहेरचं कुणी नको. आपल्यातल्याच एकीने, आपल्याला जे येतं त्यावर बोलायचं. मी म्हटलं, मला पुरणपोळ्या येतात, त्यावर बोलू का? त्या म्हणाल्या, "पुरणपोळ्या आम्हां सगळ्यांना येतात. तुम्ही मोटार चालवता, त्यावर बोला." माझं शिक्षण सातवी, भाषणाची सवय नाही. तेव्हा संध्याकाळी भाजीची पिशवी हातात धरून आपण ओट्यावर बोलतो, तसंच बोलणार आहे.

पहिल्यांदा एक विचारते. इथे बसलेल्यांपैकी किती जणींकडे मोटार चालवण्याचा परवाना आहे? हात वर करा बघू. पुष्कळ हात आहेत की! आता त्यातल्या किती जणींनी गेल्या महिन्याभरात एकदा तरी मोटार चालवली? दोन. तिसरा हात अर्धा वर आहे, तो मी धरत नाही. (हशा)

मग बाकीच्यांचे परवाने आहेत कुठे? कपाटात, दागिन्यांच्या डबीशेजारी. कुठे ओळख पटवायची वेळ आली की काढायचे, आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायचे. माझाही दीड वर्ष तसाच होता. पैसे भरून, पहाटे उठून, घरचे डबे आटोपून, परीक्षा देऊन मिळवलेला परवाना आपण असा ठेवणीतल्या शालूसारखा का ठेवतो? लोक म्हणतात, बायका भितात. मला हे मुळीच पटत नाही. माझं म्हणणं असं आहे, की आपल्यातल्या पुष्कळ जणींना मोटार शिकवलेलीच नसते. शिकवल्यासारखं केलेलं असतं.

हा विषय मी एवढा मनावर का घेतला ते आधी सांगते. परवाना कपाटात होता त्या दिवसांतली गोष्ट. आषाढ होता, रात्रीचा दीड वाजला असेल. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. आमचे हे कामासाठी नागपूरला, मुलगा वसतिगृहात. मोटार दारात उभी, किल्ली खिळ्याला. शेजारच्या वहिनी धावत आल्या, त्यांच्याकडेही परवाना. म्हणजे दोन परवाने, एक मोटार, आणि सासूबाई चटईवर पडलेल्या. मी बसले, मोटार सुरू केली, गिअर टाकला. एक झटका बसला आणि ती बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा झटका. फाटकापर्यंत तीनदा बंद पडली, आणि फाटकाबाहेर तर चढ. शेवटी वहिनींनी मला उतरायला लावलं. फोनाफोनी करून, पावसात माणूस पाठवून वाहन मिळेपर्यंत पाऊण तास गेला. खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, आता काठी घेऊन चालतात. आज पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. त्या पाऊण तासात एवढंच म्हणाल्या होत्या, "अगं, गाडी आहे ना दारात?"

दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून मी विचार करत होते. एकवीस दिवस मी ह्याच गावात मोटार चालवली होती. पोवई नाक्यावरून नेली, राजवाड्यापर्यंत नेली, परीक्षेत पास झाले. तेव्हा एकदाही बंद पडली नाही. मग घरची मोटार फाटकाबाहेरही का निघू नये? मोटार तशीच, पाय तेच.

आणि मग आठवलं. शिकताना माझ्या पायाखालचं क्लचचं पेडल मधूनमधून आपोआप खाली जायचं. मला वाटायचं, ही गाडीचीच तऱ्हा असेल. ती गाडीची तऱ्हा नव्हती, तो मास्तरांचा पाय होता!

ज्यांनी शिकवणीची गाडी नीट पाहिली नसेल त्यांना सांगते. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेकची पेडलं असतात. तो नियमच आहे; १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत शिकवणीच्या गाडीला असा दुहेरी ताबा सांगितला आहे, आणि तो योग्यच आहे. शिकणारी गोंधळली तर शिकवणाऱ्याला गाडी थांबवता आली पाहिजे. ही पेडलं आपल्या पेडलांना आतून जोडलेली असतात. मास्तरांनी दाबलं की आपलंही खाली जातं. नियम आहे जीव वाचवायला, पण झालं आहे असं, की गाडी बंद पडण्याच्या बेताला आली रे आली की मास्तर हळूच क्लच दाबतात. आपण स्टिअरिंग फिरवत असतो, आणि आपल्याला वाटतं, आपण मोटार चालवतो आहोत. खरं म्हणजे मोटार चालवतात ते, आपण फक्त दिशा देतो.

त्याच नियमांत असंही आहे, की खाजगी मोटारीचं शिक्षण किमान २१ दिवसांचं असावं आणि त्यात प्रत्यक्ष चालवणं १० तासांपेक्षा कमी नसावं. आता हिशेब करा. अर्ध्या तासाची फेरी, पण गाडीत आपण दोघी. म्हणजे एकीच्या हातात पंधरा मिनिटं. २१ दिवसांची पंधरा-पंधरा मिनिटं म्हणजे सव्वापाच तास. त्यातही क्लच मास्तरांच्या पायाखाली. दुधात पाणी किती आणि पाण्यात दूध किती, तुम्हीच ठरवा.

मी परत त्याच मास्तरांकडे गेले. रागाने नाही गेले, विचारायला गेले. म्हटलं, "मास्तर, खरं सांगा, क्लच कोण दाबत होतं?" ते हसले. माणूस सरळ. म्हणाले, "वहिनी, दिवसाला वीस-पंचवीस जणांना शिकवायचं. भर रस्त्यात गाडी बंद पडली की मागचे भोंगे वाजवतात, शिकणारी रडकुंडीला येते आणि दुसऱ्या दिवशी येतच नाही. क्लचप्लेट जळली तर मालक माझ्याकडे बघतो. मग मी सांभाळून घेतो." त्यांचंही खोटं नव्हतं. मी म्हटलं, "आता मला चार दिवस द्या. फी देते. तुमचा पाय ब्रेकपाशी राहू दे, पण क्लचला लावू नका. गाडी बंद पडली तर पडू दे. पन्नासदा पडू दे." त्यांनी कबूल केलं, आणि खरोखरच शब्द पाळला. पहिल्या दिवशी मी मोजलं, मैदानात गाडी सतरा वेळा बंद पडली. चौथ्या दिवशी एकदा.

आता हा क्लच आहे तरी काय, हे मला कुणी एकवीस दिवसांत सांगितलं नव्हतं. "हळू सोडा, हळू सोडा" एवढंच ऐकलं होतं. हळू म्हणजे किती, आणि कशासाठी? मला ते कळलं, आणि निम्मी धास्ती तिथेच गेली. म्हणून सांगते.

जुन्या पिठाच्या गिरण्या आठवतात ना? मोटर एकसारखी फिरत असायची, वर लांबलचक पट्टा. दळण संपलं की गिरणीवाला मोटर बंद करत नसे. लाकडाच्या दांड्याने पट्टा बाजूच्या मोकळ्या चाकावर सरकवायचा. मोटर फिरतेच आहे, पट्टा फिरतोच आहे, पण जातं थांबलं. पुढचं दळण आलं की पट्टा पुन्हा जात्याच्या चाकावर घ्यायचा. तो एकदम नाही, अंदाजाने. एकदम घेतला तर पट्टा निसटायचा, नाहीतर मोटर गुरगुरून अडायची.

मोटारीत तेच आहे. इंजिन उभ्या गाडीतही मिनिटाला सात-आठशे फेरे घेत असतं. चाकं मात्र उभी. फिरत्या इंजिनाच्या टोकाला एक जड चकती, आणि तिच्यासमोर दुसरी चकती, जी गिअरमधून चाकांना जोडलेली. ह्या दुसऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी खरखरीत अस्तर असतं. क्लच दाबला नसेल तेव्हा भक्कम स्प्रिंग त्या दोघींना एकमेकींवर दाबून धरते. आपण पेडल दाबलं की त्या सुट्या होतात. पेडल सोडू लागलो की पुन्हा टेकतात. एक गरगर फिरते आहे, दुसरी स्थिर आहे. एकदम टेकवल्या तर एकीला दुसरीचा वेग घ्यायला सवडच मिळत नाही. मग इंजिन अडतं, झटका बसतो, गाडी बंद. हळू टेकवल्या तर फिरणारी आधी नुसती घासते, मग उभीला आपल्याबरोबर थोडं ओढते, आणि मग दोघी एका चालीने फिरू लागतात.

म्हणजे पेडलच्या सगळ्या प्रवासात काम आहे ते मधल्या एखाद-दोन इंचांत. वरचा भाग मोकळा, खालचा भाग मोकळा. त्या दोन इंचांना ड्रायव्हरलोक हाफ क्लच म्हणतात. तिथवर पाय भरभर आणला तरी चालतं. तिथे थांबायचं, आणि मग अलगद सोडायचं. "हळू सोडा" ह्याचा अर्थ हा.

आणि ते दोन इंच आपल्याला कसे कळायचे? डोळ्यांनी कळत नाहीत, पायाकडे बघून तर नाहीच नाही. कानांनी कळतात. इंजिनाचा आवाज उतरतो, जरा जाड होतो. गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं वाटतं. बसल्या जागेला बारीक थरथर जाणवते. प्रत्येक मोटारीची ही जागा वेगळी असते; कुणाची खाली, कुणाची बरीच वर, आणि चकती झिजत जाते तसतशी तीही सरकू शकते. म्हणूनच शिकवणीची गाडी आली म्हणजे घरची आली असं होत नाही. नव्या तव्यावर पहिली पोळी जमत नाही, तसंच ते. घरच्या गाडीची जागा घरच्या गाडीत बसूनच शोधावी लागते.

मास्तरांनी मला जो सराव दिला तो असा. सपाट मैदान, आजूबाजूला मुलं-गुरं नाहीत. पहिला गिअर. उजवा पाय ब्रेकवरून उचलून ब्रेकसमोरच धरायचा, ॲक्सिलरेटरला हात नाही, म्हणजे पाय नाही. (हशा) नुसत्या डाव्या पायाने क्लच सोडत जायचं. जागा आली की थांबायचं. गाडी आपोआप सरकू लागते, माणूस चालेल इतक्या चालीने. पूर्ण सोडला तरी तेवढ्याच चालीने जाते. मग क्लच दाबायचा, ब्रेक दाबायचा, उभी करायची. पुन्हा पहिल्यापासून. रेस देऊन शिकलं की इंजिनाचा मोठा आवाज होतो, त्या आवाजात ती जागा ऐकूच येत नाही, आणि मग पाय एकदम सुटला तर गाडी उडी मारते. आपल्यातल्या अनेकींची भीती त्या उडीची आहे. आधी नुसता क्लच शिका, रेस मागाहून येते.

डाव्या पायाची टाच खाली टेकलेली असावी की नसावी, ह्यावर दोन मास्तरांची तीन मतं असतात. माझा अनुभव, पूर्ण दाबताना टाच उचलावी लागते, पण त्या दोन इंचांत टाच टेकलेली असली तर पाय थरथरत नाही. मात्र त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे बसण्याची जागा. पुरुष गाडी चालवून उतरतात, आपण त्यांच्याच मापाच्या जागेवर जाऊन बसतो. पाय पुरत नाही, क्लच अर्धाच दाबला जातो, गिअर कर्कश ओरडतो, आणि सगळे म्हणतात, बायकांना गिअर टाकता येत नाही! बैठक पुढे घ्या. क्लच पार तळाला गेल्यावरसुद्धा गुडघा जरा वाकलेला राहिला पाहिजे. उंची कमी असेल तर पाठीमागे आणि खाली घट्ट उशी घ्या. ज्या बाईला बॉनेटपुढचा रस्ता दिसत नाही, तिला भित्री म्हणण्यात काय अर्थ आहे?

पोशाखाचंही सांगून टाकते. मी साडीतच चालवते. निऱ्या जरा वर खोचायच्या, म्हणजे काठ पेडलाखाली जात नाही. पदर पट्ट्याच्या आत, आणि पट्ट्याचा खालचा भाग पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर. उंच टाचेची किंवा मागून मोकळी चप्पल नको. ती निसटून पेडलाखाली गेली तर ब्रेक दाबला जाणार नाही. गाडीत एक सपाट, मागून पट्ट्याचा जोड ठेवूनच द्यावा.

आता गिअर. ते क्लचइतके अवघड नाहीत. भरलेला हंडा घेऊन जिना चढायचा असेल तर आपण लहान लहान पावलं टाकतो, सपाटीवर रिकाम्या हाताने झपझप. गिअर म्हणजे तेच. लहान मोटारीत पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे साधारण पंधरा फेरे झाले की चाकाचा एक होतो. पाचव्यात तीन-चार फेऱ्यांतच एक. पहिल्यात ताकद, पाचव्यात वेग. इंजिन कण्हायला लागलं, गाडी ढुसक्या देऊ लागली, की खालचा गिअर हवा असतो; किंचाळायला लागलं की वरचा. किती वेगाला कोणता गिअर हे आकडे पाठ करत बसू नका, कान द्या.

ह्या गिअरवरून एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. माझ्या मुलीने ती मला वाचून दाखवली. जर्मनीत कार्ल बेंझ म्हणून ज्यांनी मोटार तयार केली, त्यांची मोटार कुणी विकत घ्यायला तयार नव्हतं. १८८८ च्या ऑगस्टात त्यांची बायको बर्था, वय एकोणचाळीस, नवऱ्याला न सांगता दोन शाळकरी मुलांना घेऊन त्या मोटारीतून माहेरी निघाली. मानहाइम गावाहून फोर्झहाइमला, शंभर किलोमीटरच्या वर. तोवर इतक्या लांब मोटार कुणी नेलीच नव्हती. वाटेत इंधन संपलं, तर औषधांच्या दुकानातून डाग काढायचं द्रव्य घेऊन टाकीत ओतलं. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. तारेला आवरण हवं होतं, तिथे मोज्याचा बंद वापरला. ब्रेकचं लाकूड झिजलं, तर चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. हे सगळं जमलं. जमेना तो चढ. त्या मोटारीला गिअर दोनच, चढ आला की उतरून ढकलायची. घरी परतल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर पाहिजे. आणि तो बसवला गेला. तेव्हा पहिल्या गिअरमध्ये चढ चढताना मला ती बाई आठवते. माहेरच्या वाटेवर शिकलेली होती ना, मग शिक्षण पक्कंच! (हशा)

आपलं सातारा गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेलं. इथे सपाटीवर शिकून भागत नाही. समर्थ मंदिराकडे चढताना पुढची एस.टी. थांबली, मागे रिक्षा चिकटून उभी, आणि आपल्याला चढावर गाडी उचलायची आहे. इथेच बहुतेक जणी हाय खातात, आणि त्या दिवसापासून परवाना कपाटात जातो. ब्रेकवरून पाय काढून ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी मागे येईल, हे भय खरं आहे. त्यासाठीच हँडब्रेक आहे. गाडी थांबली की हँडब्रेक वर ओढायचा. आता दोन्ही पाय मोकळे झाले. उजव्याने थोडी रेस, डाव्याने ती जागा शोधायची. नाक उचललं, गाडी पुढे जायला ओढ घेऊ लागली, की मगच हँडब्रेक खाली. गाडी मागे बोटभरही येत नाही. मागचा भोंगा वाजवेल. वाजवू द्या, त्याला दुसरं काम नाही. नव्या पुष्कळ गाड्यांत चढावर दोन-तीन सेकंद गाडी आपोआप धरून ठेवण्याची सोय असते, ती असली तर उत्तम. पण हँडब्रेकची सवय लावा, ती कुठल्याही गाडीत उपयोगी पडते. हाफ क्लचवर गाडी चढाला तोलून उभी ठेवणारे बहाद्दर असतात, त्यांचं अनुकरण करू नका. चकती घासत राहते, तापते, जळका वास येतो, आणि खर्च आपल्या घराचा होतो.

यवतेश्वरचा घाट चढलात की उतरायचाही असतो. उतरताना इंधन वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे मी पाहिले आहेत. मला हा भलता कंजूषपणा वाटतो. गिअर असला की इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात, आणि तापले की धरत नाहीत. शिवाय हल्लीच्या गाड्यांत गिअरमध्ये, रेस न देता उतरत असलं तर इंजिन इंधन घेणं जवळपास बंदच करतं. वाचत काहीच नाही. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा सल्ला आजही खरा आहे. आणि अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा तर नियमच. उतारावरून आठवलं, आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव, भारतातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक, त्यांनी ८ मार्च २०११ रोजी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला, खंडाळ्याचा घाट उतरून नेली. रेल्वेला आपला असला क्लच नसतो, हे मान्य; पण मागे किती माणसं होती!

"नवऱ्याकडून का शिकू नये?" असं मला अनेकींनी विचारलं आहे. शिकावं, पण संसार नीट असेल तर शिकू नये. (हशा) आमचे हे स्वभावाने शांत. पण शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक शोधतो, आणि तोंडाने "अगं, अगं" सुरू होतं. दुसऱ्याच्या तोंडाकडे लक्ष गेलं की आपल्या पायाकडचं जातं. शिवाय गाडीला ओरखडा येईल ही काळजी. मी त्यांना विचारलं, दारातल्या गाडीला ओरखडा नाही, पण ती आईंच्या उपयोगी पडली नाही, ह्यातलं काय परवडलं? त्यानंतर त्यांनी दुसरी किल्ली करून आणली. ती आता माझ्या जुडग्यात असते.

हल्ली क्लच नसलेल्या मोटारीही आल्या आहेत. मग एवढा खटाटोप कशाला, असं तरुण मुली म्हणतात. ज्यांचे गुडघे दुखतात, किंवा ज्या नवी गाडी घेणारच आहेत, त्यांनी खुशाल ती घ्यावी. मी नावं ठेवणार नाही. पण आपल्या गल्लीत आज उभ्या आहेत त्या गाड्या बघा. बहुतेक क्लचवाल्या. अडीअडचणीला जी दारात असेल तीच चालवायची असते, शेजारच्यांची असो नाहीतर दिराची असो.

आता ज्यांच्याकडे परवानाच नाही त्यांच्यासाठी थोडं. शिक्षणाची धास्ती घेऊ नका. माल किंवा उतारूंची वाहनं चालवायला पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढली. घरच्या मोटारीला ती तशीही नव्हती. नाहीतर मी कुठली येते इथे! शिकाऊ परवान्याची परीक्षा मराठीतून देता येते, खुणा आणि नियम विचारतात, शंभरात साठ बरोबर आले की झालं. चाळिशी उलटली असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. माझं सांगणं, तीस दिवस झाले म्हणून धावू नका. सहा महिने दिले आहेत ते वापरा. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर तांबडा 'एल' लावा, त्याची लाज कसली? आणि शिकवणीला गेलात की पहिल्याच दिवशी डाव्या पायाकडे लक्ष ठेवा. पेडल आपोआप खाली गेलं, की गोड शब्दांत म्हणा, "मास्तर, तुमचा पाय काढा. बंद पडू द्या."

अध्यक्षबाई घड्याळाकडे बघत आहेत, तेव्हा शेवटचं सांगून बसते. चिटणीसबाईंची परवानगी घेतली आहे. येत्या रविवारपासून सकाळी सहा ते आठ, शाळेमागच्या मैदानावर मी असेन. शाळेलाही विचारलं आहे. ज्यांचे परवाने कपाटात आहेत त्यांनी ते काढून, आपापली मोटार घेऊन यावं. मोटार आणायला कुणी हवं असेल तर घरच्यांना आणायला सांगा, पण मैदानावर आल्यावर त्यांनी कट्ट्यावर बसायचं, जवळ यायचं नाही. मी तुमच्या शेजारी हँडब्रेकपाशी बसेन. एका वेळी एकच मोटार चालेल, बाकीच्या बघतील. पहिल्या दिवशी दुसरा गिअर टाकायचा नाही. सपाट चप्पल, पाण्याची बाटली, आणि ज्यांना लागते त्यांनी उशी आणावी. शेजारच्या वहिनींनी पहिला नंबर लावला आहे. दुसऱ्यासाठी नावं चहाच्या वेळी माझ्याकडे द्यावीत.